दादाच्या कपाटातलं पिस्तूल

५ नोव्हें., बुध.
ऑफिसात लक्ष नव्हतं. टेक्सासच्या दादाचा मुलगा निनाद काल फोनवर त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "आत्या, शाळेत सगळे हसतात मला. एक दिवस सगळ्यांना रडवणार." सतरा वर्षांचा. रागात बोलतात मुलं. पण आवाजात राग नव्हताच. तेच खुपतंय.

६ नोव्हें., गुरु.
नवरा, अजित, म्हणतो, "पोरं बोलतात गं. इथे दोह्यात बसून आपण काय करणार?"
मला मात्र दादाचं पिस्तूल दिसतंय. शेजारी चोरी झाली म्हणून घेतलेलं. कपाटात असतं, किल्ली देवघरात. घरात सगळ्यांना ठाऊक.

७ नोव्हें., शुक्र.
सुट्टी. दादाला फोन. आधी हसला, मग भडकला. "माझ्या मुलाला खुनी म्हणतेस?"
"नाही रे. ते पिस्तूल फक्त घराबाहेर ठेव. त्याने स्वतःलाच काही केलं तर?"
फोन कापला.
घराजवळच्या मुंतझा पार्कात फेऱ्या मारत राहिले. इथलीही पोरं चिडतात, एकटी पडतात. हाताशी बंदूक नसते, एवढंच.

९ नोव्हें., रवि.
निनादच्या शाळेला कळवू? पोलीस घरी आले, पोर घाबरून पळालं, त्यांनीच गोळी... मेल लिहिली, पुसली. पुन्हा लिहिली.

१० नोव्हें., सोम.
मेल पाठवली नाही. आधी वहिनीशी बोलले. रडलीच. "वन्सं, मलाही भीती वाटते. जेवायलासुद्धा खोलीबाहेर येत नाही. पण यांच्यासमोर बोलायची सोय नाही."
म्हटलं, शाळेतल्या काउन्सेलरला भेट. आजच.

१३ नोव्हें., गुरु.
वहिनीने पिस्तूल बंदुकीच्या दुकानात सांभाळायला दिलं. दादाला न विचारता. घरात महाभारत.
निनाद काउन्सेलरशी बोलला थोडं. वर्गातली दोन मुलं त्याचे चोरून व्हिडिओ काढून फिरवत होती. वर्षभर! आम्हाला कुणालाच पत्ता नाही.

१५ नोव्हें., शनि.
सकाळी निनादचा मेसेज. "फक्त तुला सांगितलं होतं."
लिहिलं, "रागाव माझ्यावर. पण बोल." वाचलंय.
संध्याकाळी दादाचा फोन. म्हणाला, "तो काय काय म्हणाला, ते सगळं सांग. मध्ये बोलणार नाही मी."
परत त्या पोराचा विश्वास मोडायचा?
मग सांगितलं. दादा खरंच मध्ये बोलला नाही. शेवटी एवढंच, "आत्ता जातो त्याच्या खोलीत."
अजून तिकडून काही कळलं नाही.