आईच्या चण्याने अडवलेलं लग्न

पालेर्मो, सोमवार

तीर्थस्वरूप लिबोरिओदादास धाकट्या गांदोल्फोचा नमस्कार. सांता रोझालियाच्या कृपेने आम्ही सगळे खुशाल आहोत आणि तुझा गुडघाही कातानियाच्या हवेत सुधारला असेल असं धरून चालतो (नसला सुधारला तरी आगगाडीत बसता येतं ना, एवढं कळव). आईची तब्येत ठणठणीत. इतकी, की आमच्या निन्फाचं लग्न तिने काल भरल्या ताटावर मोडलं.

मुलगा फ्रेंच आहे हे मी तुला मागे कळवलं नव्हतं, कारण मलाच धीर होत नव्हता. नाव बास्तियां, ल्यों शहरचा, शाळेत संगीत शिकवतो, निन्फावर जीव टाकतो. रविवारी जेवायला बोलावला. सूप वाढून होतंय न होतंय तोच आईने खिशातून एक वाळका चणा काढला, त्याच्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "सांग पोरा, याला काय म्हणतात?" दादा, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला! सातशे वर्षांपूर्वी फ्रेंच राजवटीला विटून आपले लोक उठले, तेव्हा वेष बदलून पळणाऱ्याला असाच चणा दाखवायचे म्हणतात. 'चीचीरी' म्हणाला तर आपला. 'सीसीरी' म्हणाला तर फ्रेंच, आणि कारभार आटोपला. ग्रीक आले, रोमन आले, अरब, नॉर्मन, स्पॅनिश (कोणी लिंबं लावून गेला, कोणी नुसताच कर), सगळ्यांची राज्यं बुडाली, आणि ती सगळी उलाढाल एका म्हातारीच्या खिशात अजून शाबूत! मला तर तिथल्या तिथे हात जोडावेसे वाटले.

मुलगा बावरला. तेव्हा आई मायेने म्हणाली, "घाबरू नकोस, माझ्यामागून म्हण. सीसीरी." (नवी कवळी बसवल्यापासून तिचा एकेक 'च' वाऱ्यावर गेलाय, पण तिला सांगणार कोण?) मुलगा अदबीने म्हणाला, "सीसीरी."

"ऐकलंत?" आई कडाडली. "फ्रेंस! अस्सल फ्रेंस! माझा नातजावई व्हायसा नाही हा!"

मी ताटाकडे बघितलं, बायकोने छताकडे. निन्फा रडत उठून गेली. काय तो दरारा, दादा! त्या उठावात आई असती, तर आपल्याच लोकांनी तिला पहिल्या झटक्यात उडवली असती, आणि तरीही मरता मरता तिने त्यांचेच उच्चार सुधारले असते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

ता. क. : तू थोरला, तिचा लाडका. शनिवारी ये आणि कवळीचं तूच सांग. मी एवढा घोडा झालोय, पण माझ्याच्याने होणार नाही.

आणखी एक : पत्र बंद करत होतो तोच बास्तियां निरोप घ्यायला आला. सामान बांधून, कायमचा. मी चिडून म्हटलं, "अरे, संगीताचा कान ना तुझा? एवढा एक शब्द नीट म्हणता येऊ नये?" तर स्वच्छ म्हणाला, "चीचीरी." आपल्या बाजारातल्या चणेवाल्यासारखा! मग काल काय झालं होतं, म्हटलं. तर मान खाली घालून म्हणाला, "आजींच्याच घरात, सगळ्यांसमोर, आजींची चूक कशी काढू?"

दादा, या बेटावर आजवर इतके आले, पण असा कोणी आला नव्हता. त्याचं सामान मी माझ्या खोलीत कोंडून ठेवलंय. शनिवारची वाट बघू नकोस, पत्र मिळेल त्याच दिवशी नीघ. हा जिंकत असेल तर जिंकू दे.