पयल्या वेचणीचा मान

पुणे
तीर्थरूप मायले,
पोरीचं पायावर डोक्सं.

मी मजेत हावो. मेघना अन् मी आता खोलीवरच भाकरी करतो, टायमावर जेवतो. तुहा गुडघा कसा हाय? कपाशीवर यंदा गुलाबी अळी लय हाय म्हने. फवारताना बाबा तोंडाले फडकं बांधते का?

मोबाइल बाबाजवळ राह्यते म्हनून पत्र लिहून राह्यली. तूच वाच.

दादानं सांगतलं, बाईचं बाईसंग लगन नको म्हनून महाराजानं देवळात सह्या घेतल्या, अन् पयली सही बाबाची. सरकार म्हनते, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. कोर्ट म्हनते, कायदा सरकारनं करावा. सगळे बोलून राह्यले वं माय, मीच काऊन गप्प राहू?

कापूस वेचाच्या आधी सीतादहीची पूजा असते, तवा आम्ही दोघी येतो. मांगच्या साली घरात सून नाही म्हनून तू मेघनाच्या कमरेले कापूस ठेवाची ओटी बांधली, अन् पयलं बोंड वेचाचा सुनेचा मान तिले देल्ला. वावरातल्या साऱ्या बाया हासल्या होत्या.

माय, तुहं चुकलं नव्हतं.

तुहीच,
रंजना