दुकान, हत्यारे आणि क्षितिजाचा गेम

मी, केसरीनाथ चांगदेव भोईर, वय वर्षे सदुसष्ट, धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, राहणार कशेळी, तालुका भिवंडी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. गेल्या वर्षी छातीत कळ येऊन गेली, पण डोके जागेवर आहे. हात जरा थरथरतो, सहीपुरता थांबतो. मला कोणी भरीला घातलेले नाही. भरीला घालणारी एकच होती, माझी बायको हौसा, ती चार वर्षांपूर्वी गेली. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकील म्हणतात, मुद्द्याचे तेवढे लिहा. मुद्दा कोणता, ते मी ठरवणार.

१. मला दोन वारस आहेत. मुलगा भूपेश, आणि मुलगी सौ. क्षितिजा प्रितेश म्हात्रे, राहणार खारबाव. दोघे माझेच, त्यामुळे दोघेही हट्टी.

२. खाडीकडच्या वडिलोपार्जित जमिनीवर आता गोदाम उभे आहे आणि ते भूपेशच्या नावावर आहे. त्याला मी हात लावत नाही. पण ते कसे झाले, हे इथे लिहिल्याशिवाय मला पुढचे लिहिता येणार नाही.

सन २००१ मध्ये गोदामाचा व्यवहार ठरला आणि क्षितिजाची हक्कसोड लागली. आमच्यात बहीण भावाला हक्क सोडून देते आणि भाऊ तिला साडीचोळी करतो, अशी रीत आहे. रीत असली तरी विचारायचे असते. मी तिला फोन करून म्हणालो, "चार दिवस माहेरपणाला ये, आई वाट बघते." दुसऱ्या दिवशी कचेरीत नेले. तिने विचारले, "बाबा, कशाचा कागुद हाय?" मी म्हणालो, "काय न्हाय, भूपेशच्या कामाचा हाय. सही कर." तिने वाचले नाही. बाप सांगतो म्हटल्यावर कोण वाचते.

घरी आल्यावर हौसाने साडी पुढे केली, तेव्हा क्षितिजाला कळले. तिने हळदकुंकू लावून घेतले, आमच्या पाया पडली, साडी कॉटवर ठेवली आणि संध्याकाळच्या रिक्षाने निघून गेली. भांडली असती तर बरे झाले असते. त्यानंतर आली ती आईच्या दिवसांना. तेव्हा पाणीसुद्धा मागून प्यायली. स्वतःच्या घरात! मी आयुष्यात बिघडलेले खूप काही दुरुस्त केले, पण हे मी स्वतः बिघडवलेले आहे आणि त्याची मला लाज वाटते.

३. धामणकर नाक्यावरचे दुकान माझ्या कमाईचे आहे. ते माझ्या पश्चात पूर्णपणे क्षितिजाचे. चालवावे, भाड्याने द्यावे, कुलूप लावून ठेवावे, तिची मर्जी. भूपेश म्हणाला, "बाबा, लोक काय बोलतील?" लोकांना माझ्या दुकानात कधी खुर्ची नव्हती, आता कुठून द्यायची?

४. कशेळीचे राहते घर मीच बांधलेले आहे. ते दोघांना निम्मे निम्मे. मागची खोली, जिथे वारा येतो, ती क्षितिजाच्या निम्म्यात धरावी.

५. मीटर, पकडी, स्क्रू-ड्रायव्हरचे दोन्ही संच आणि भिंग ही हत्यारे शेजारचे घड्याळवाले चिंधू पाटील यांना. १९९९ साली नेलेली माझी सोल्डरिंगची गनही त्यांनी ठेवून घ्यावी, नाहीतरी ते परत देणार नाहीत. चिंधूला साक्षीदार व्हायची फार हौस होती. वकील म्हणाले, ज्याला मिळते त्याने साक्षीची सही करायची नाही. यावर चिंधू म्हणाला, "मग हत्यारे नको, साक्षीदार कर." त्याला मी रागावून गप्प केले.

६. हातातला गेम, करड्या रंगाचा, चार पेन्सिल सेलवर चालणारा, आणि त्यातली कॅसेट.

हा १९९६ साली एक सूतदलाल दुरुस्तीला देऊन गेला तो परत आलाच नाही. दोन वर्षे चिठ्ठी लावून ठेवला, मग आम्ही खेळायला काढला. मालक पावती घेऊन आलाच तर त्याला चहा पाजावा आणि उशीर झाला म्हणून सांगावे.

गेममध्ये एक टोपीवाला ठेंगू आहे. शिड्या, फळ्या, खड्डे ओलांडून त्याने किल्ली डोक्यावर धरून बंद दारापर्यंत न्यायची. वाटेत किल्ली खाली ठेवता येते, पण जरा जास्त वेळ ठेवली की ती आपोआप मूळ जागी जाते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. वीज गेली की नाक्यावरचे माग थांबायचे, माझे कामही थांबायचे. क्षितिजा तेव्हा लग्नाची होती, डबा घेऊन यायची. पडद्याला उजेड नाही म्हणून आम्ही दुकानाच्या दारात बसून खेळायचो. मी आधी विचार करायचो, ती आधी उडी मारायची. म्हणायची, "बाबा, तुमचा विचार होईस्तोवर सेल उतरंल."

गेल्या वर्षी डॉक्टरांनी घरी बसवले तेव्हा ड्रॉवरमधून गेम काढला. त्यात तिघांचा खेळ साठतो. पहिला क्षितिजाचा, सत्तावन्नाव्या पातळीवर थांबलेला. दुसरा माझा. तिसरा हौसाचा, चौथ्या पातळीवर. ही साठवण कॅसेटमधल्या एका चपट्या सेलवर टिकते. मीटर लावला तर सेल मरायला टेकलेला. काढला की तिघांचा खेळ पुसला जाणार. म्हणून आधी बाहेरून दुसरा सेल तारांनी जोडला, मग जुना काढला, नवा बसवला, आणि सगळ्यात शेवटी तारा सोडवल्या. दहा मिनिटांचे काम, थरथरत्या हाताने दोन तास लागले. सुरू केला तर तिघेही जागच्या जागी. मी एकटाच रडलो.

मग माझ्या जागेवर पहिल्यापासून खेळायला घेतले. तीन महिन्यांत सत्तावन्नाव्या पातळीला पोचलो. तिथे मी नेहमीसारखा किल्ली खाली ठेवून विचार करत बसायचो आणि किल्ली परत जायची. क्षितिजाशी बोलायचेही मी सात वर्षे असेच खाली ठेवले होते. त्याच आठवड्यात वकिलांकडे गेलो.

गेम क्षितिजाला. तिच्या जागेवरची सत्तावन्नावी पातळी मी खेळलेली नाही, ती तिची आहे. माझा खेळ पुसला तरी चालेल. हौसाचा पुसू नये, चौथ्या पातळीला यायला तिने आख्खा श्रावण घेतला होता.

७. अंमलबजावणी भूपेशने करावी. तो वाईट नाही. सही घ्यायची अक्कल माझी होती, त्याची नव्हती. या कागदाचा कच्चा मसुदा खारबावला तोच घेऊन गेला, मी सांगितले नव्हते तरी तिथे तासभर बसला.

८. मसुदा क्षितिजाने वाचावा ही माझी इच्छा होती. या कागदावर तिची सही लागत नाही. फक्त माझी लागते.

९. हे कलम रद्द. मसुद्यात मी इथे लिहिले होते की, माझ्या मरणाला किंवा दिवसांना येण्याचे बंधन क्षितिजावर नाही, आणि ती आली नाही तर कोणी तिला बोल लावू नये. परवा ती मसुदा घेऊन स्वतः दुकानात आली. उभ्यानेच पुन्हा सगळा वाचला. माझ्या खिशातले पेन काढून या कलमावर तिरकी रेघ मारली आणि म्हणाली, "दुकानाचं काय लिवायचं ते लिवा. ह्यो मात्र न्हाय ठेवायचा." मग माठातले पाणी स्वतःच्या हाताने घेऊन प्यायली.

वकील म्हणाले, खोडलेले कलम टाइप करत नाहीत, गाळून टाकतात. मी म्हणालो, हे मात्र टाइप करा. खोडल्याच्या जागी मी आज वेगळी सही केली आहे.

लिहून ठेवणार : केसरीनाथ चांगदेव भोईर (सही)

आम्ही दोघांनी केसरीनाथ यांना आमच्यासमोर सही करताना पाहिले, आणि आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या. आम्हाला यातले काही मिळत नाही.

साक्षीदार :
१. अनंता रामा केणी, कशेळी (सही)
२. रघू बाळू जाधव, धामणकर नाका (सही)

ठिकाण : भिवंडी
शुक्रवार, दिनांक १४ नोव्हेंबर २००८