सहा स्पीकर आणि माझा आवाज

२ जून, सकाळ.
लेकीने पाठवलेला स्पीकरचा खोका उघडला. समोर तीन, मागे दोन, टेबलाखाली एक ढब्बू. ताई आणि मी ज्यात गायचो त्या शाळेच्या कॉयरची कॅसेट तिने कॉम्प्युटरवर घालून दिली आहे. रविवारी ताईला ऐकवणार. माझ्या आवाजामुळे त्या वर्षी शील्ड मिळाली, हे तिने एकदा तरी कबूल करावं. वायरी जोडायला माणूस कशाला हवा?

संध्याकाळ.
ताईचा आवाज स्पष्ट. माझा नाही. हे म्हणाले, "मागचे दोन्ही मुके आहेत." तरीच! मी त्यांत असणार.

३ जून.
मागचे बोलू लागले. वायर कपाटामागून ओढताना फुलदाणी फुटली. नाहीतरी मला आवडत नव्हतीच. मागून पियानो येतो. मी येत नाही. खुर्ची तीनदा हलवली. हे म्हणतात, "अगं, जुनी कॅसेट, सगळीकडून सारखंच येणार." ह्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही.

५ जून.
ढब्बूवर गुडघा आपटला. आवाज पूर्ण वाढवला. खालचे वकील धावत वर आले. "काकू, सगळं ठीक आहे ना?" दार उघडायला गेले, नेमकी तेव्हाच माझी ओळ हुकली असणार.

७ जून, रविवार.
ताई आली. सुरुवातीची खरखर मी रोज गाळून थेट गाणंच लावते. आज थाटात, पहिल्यापासून लावलं. ताई घाईने म्हणाली, "अगं, ते पुढे घे ना!"
उशीर झाला. सहाही स्पीकरमधून कॉयर शिकवणाऱ्या सिस्टरचा मायाळू आवाज: "धाकटी, तू नुसते ओठ हलव हं, बाळ."
तेव्हा डोक्यावर हात ठेवून त्या काही पुटपुटल्या होत्या. मी आशीर्वाद समजले होते.
हे खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणजे ह्यांनाही माहीत!
"पंचेचाळीस वर्षं गप्प बसलीस?" मी विचारलं.
ताई म्हणाली, "तुझ्या वाटचंही मीच गायले गं. दोन दिवस घसा बसला होता."
चहा न घेता गेली. मी थांब म्हटलं नाही.

८ जून.
पाच स्पीकर खोक्यात. एक ठेवला आहे. ताईचा आवाज खरंच गोड होता. गाणं लावलं, समोर बसून ओठ हलवले.
एकदाही चुकले नाही.