चौतीसची कंबर

३ ऑगस्ट, सकाळी ११
या तीस तारखेला सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं. सासूबाईंनी एकाच ताग्यातलं करडं कापड पाठवलंय. दोन्ही जावयांना सारखे सूट, शिवणार मी. साडू माप द्यायला दुकानात आला. कंबर चौतीस! टेप दोनदा लावली. गेल्या वर्षी ह्याच माणसाची काळी पँट मी चाळीसची शिवली होती. पोट अजून सुटणार याची खात्री होती, म्हणून शिवणीत दोन इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं कापड, जास्तच ठेवली होती. म्हणे, पहाटे पळतो, साखर बंद, बाकी सगळी इच्छाशक्ती. बायको बटणं लावता लावता म्हणाली, बघा, शिका काहीतरी.
पोटात आग पडली. थोडी भूकही असेल.

३ ऑगस्ट, दुपारी ४
माझी कंबर चाळीस. तरी माझी पँटही चौतीसलाच कापली. शिवणीत माया ठेवली नाही, कापड उरलं नाही, आता माघार नाही. साडूने नुसते पाय उचललेत, मी कात्री चालवलीय. बायको म्हणाली, डोकं फिरलंय तुमचं.

५ ऑगस्ट, सकाळी ६
उठलो. बूट सापडले. एकाची लेस तुटकी. टेलरने तुटक्या लेसने रस्त्यावर पळणं धंद्याला शोभत नाही. झोपलो.

८ ऑगस्ट
शेजारच्या बेकरीवाल्याचे शर्ट वेळेवर दिले. खूश होऊन त्याने केक दिला. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटायचं. तीन तुकडे. बायकोने डब्यात काकडी दिली होती, तीही खाल्ली. आहार चौरस.

१२ ऑगस्ट
साडू ट्रायलला आला, सोबत मेहुणी. कंबर अजून आत घ्या म्हणे, साडेतेहतीस झालीय. टाचण्या लावताना एक टोचली. चुकून. रक्त फारसं आलं नाही. जाताना जुन्या ढगळ कपड्यांची पिशवी ठेवून गेला, कुणाला तरी देऊन टाका म्हणाला. बायकोने ती घरी नेली.
बायको मेहुणीला म्हणाली, तुझी मजा आहे बाई. तेवीस वर्षांत माझ्यावरून बायकोला असं कुणी म्हटलेलं नाही. हे मात्र लागलं.

१७ ऑगस्ट, सकाळी साडेसहा
नवी लेस. पळायला निघालो. कोपऱ्यावर साडू, घामाने निथळतोय आणि वर हसून हात हलवतोय. त्याच रस्त्याने पळलो तर लोक म्हणणार, नक्कल करतो. परत फिरलो. बेकरी नुकती उघडत होती.

२२ ऑगस्ट
टेपवर एकेचाळीस. हल्ली टेपा धड येत नाहीत. खणातून जुनी काढली: एकोणचाळीस. बायको म्हणते, ती ओढून ओढून लांबलीय. लांबली नाही, अनुभवी आहे. एका दुपारीत दोन इंच उतरले! साडूला इतकं कधी जमलंय? त्या आनंदात बिस्किटं.

२९ ऑगस्ट, सकाळी
फक्त पाच इंच राहिले. आज कडकडीत उपास.

२९ ऑगस्ट, दुपारी १
जेवलो. साडूच्या कोटाला काजं करायची होती आणि रिकाम्या पोटी हात थरथरत होता. घास न् घास त्याच्यासाठी खाल्ला. त्याला त्याचं काय!

३० ऑगस्ट, सकाळी ९
पँट मांडीच्या वर येईना. पलंगावर आडवा झालो, श्वास धरला, बायकोने दोन्ही हातांनी ओढली. शिवण एका टाक्यानेही उसवली नाही. शिलाई उत्तम.
बायको उठली. आत जाऊन साडूची पिशवी घेऊन आली.

३० ऑगस्ट, संध्याकाळी ७
फोटो काढला. सासू-सासरे मध्ये, दोन बाजूंना दोन जावई. एक डोक्यापासून पायापर्यंत करडा. दुसऱ्याचा कोट करडा, पँट काळी. साडूने ती लांबूनच ओळखली. सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, अगदी तुमच्या मापाची आहे हो! मनापासून म्हणाला, तेच जास्त झोंबलं. बायको हसली असती तरी चाललं असतं. ती माझा कोट पुढे ओढून पँट झाकत राहिली.
आणि मापाची कुठली? बसलो की श्वास अडकतो. उद्या दुकान उघडल्यावर आधी ती दोन इंच माया सोडतो.