चुन्याखालचा पासवर्ड

प्रिय बाबा,

तुमचा कम्प्युटर आज दुपारी उघडला. आधी तुम्हालाच सांगावं वाटलं, म्हणून लिहून राहिलो. तुम्ही असताना दोन ओळींचं पत्रही कधी लिहिलं नाही मी.

तुम्ही ठरवून गेलेलं नीताचं लग्न परवावर आलंय. तिच्यासाठी मंगलाष्टक तुम्हीच रचलं, टाइप केलं, आणि आईला म्हणालात, "कम्प्युटरमंदी हाय. मांडवात मीच म्हनीन." मग थांबला का नाहीत?

कम्प्युटर उघडायचा पासवर्ड मीच टाकला होता, पण मलाच आठवेना. नीताचं नाव घालून पाहिलं, आपल्या गावाचं, घाटंजी घातलं, आपल्या ढवळ्या बैलाचंही घातलं. पोळ्याला त्याची शिंगं किती निगुतीनं रंगवायचे तुम्ही! असो.

यवतमाळहून मेकॅनिक आणला. "फॉरमॅट मारून देतो भाऊ, अर्ध्या तासात नवा होते."

"अन् आतलं?"

"आतलं सारं जाते न."

नीता त्याच्यासाठी चहा घेऊन आली होती. तिथंच थबकली. म्हणाली, "राहू द्या."

मग आई म्हणाली, "तुया बाबानं भितीवर लिहून ठेवला होता. फोनवर तूच तं सांगतला होता."

कोणती भिंत? चार दिवसांआधी मी चुना मारला, तीच. लग्नघरात आपलाही हात लागावा म्हणून, कोणाला न विचारता. पेन्सिलीनं लिहिलेले आकडे दिसत होते. वाटलं, जुना कचरा.

"दादा, घरी येतच नाही तू. अन् आला तं हे करतं," नीता म्हणाली. 

ओलं फडकं घेऊन बसलो. चुना हळूहळू सुटला. आधी पासवर्ड नाही दिसला, माझे फोन नंबर दिसले. वणीत ट्रकवर होतो तेव्हाचा, मग आदिलाबादचा, नागपूरचा. एकाखाली एक सात, त्यातले सहा खोडलेले. सिम बदललं की मी कुठं कळवायचो? कोणाकोणाला विचारून मिळवले तुम्ही, बाबा?

सातव्याच्या शेजारी पासवर्ड होता.

त्याच सातव्यावर तुमचा शेवटचा फोन आला होता. "नंतर करतो," म्हणालो. केला नाही.

मंगलाष्टक सापडलं. परवा मी म्हणीन. तुमच्यासारखा आवाज नाही, अडखळीन, पण पूर्ण म्हणीन.

भिंतीचा तेवढा तुकडा तसाच ठेवतो, पाहुणे काहीही म्हणोत. आणि हा सातवा नंबर आता बदलणार नाही.

तुमचा,
गजू