पावती फाडली

दारव्हा, ३ मार्च २००३

अय्याजभाईजानना धाकट्या नसरीनचा सलाम. वि. वि.

वाचून हसू नका, मी फार घाबरले आहे. कापसाच्या जिनिंगवाल्यांना सरकीची चार हजार पोती शिवून दिली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या आणि शेजारच्या जोहराबीच्या दीड महिन्याच्या मेहनतीचे आठ हजार. जिनिंगचा रामलाल मुनीम म्हणाला, की पावती फाडून आन अन् पैसे घेऊन जाय. मी पावतीबुक विकत आणलं, पावतीवर रेव्हेन्यू तिकीट लावून सही करून दिली. आता तो म्हणतो, की तुले तं पैसे देल्ले, आता कायले आली? यंदा कापूसच कमी आला, महिनाअखेर जिनिंगला कुलूप लागेल म्हणतात. जोहराबीला कोणत्या तोंडाने सांगू?

दुआ असू द्या.
आपली नसरीन

मारेगाव, ६ मार्च

चि. नसरीनला अय्याजची दुआ. वि. वि.

शिवणात तुझा टाका चुकत नाही, आणि कागदावर एवढं उसवून ठेवलंस! आपल्याकडे छापील चिठ्ठी दिसली की तिला पावती म्हणतात, तिथेच घात झाला. अगं, पैसे मागायचे ते बिल. मिळाल्यावर द्यायची ती पावती. कापडदुकानात वीस वर्षं हिशेब लिहिले, म्हणून सांगतो.

मुनिमाशी वाद घालू नकोस. थेट जिनिंगच्या शेठसमोर उभी राहा, ती पावती पुरती वाचायला लाव, तू काय लिहिलंस ते त्यांना दिसू दे. दुसऱ्या कशावरही सही करू नकोस, तुला माझी शपथ.

काळजीत असलेला तुझा,
अय्याज

दारव्हा, ११ मार्च

भाईजानना सलाम. वि. वि.

जोहराबीला घेऊन काल गेले. मुनिमाने पावती लांबूनच दाखवली, नुसती सही दिसेल एवढी. मी रडतच म्हटलं, की शेठ, पुरती वाचा. त्यांनी वाचली आणि मुनिमाकडे बघत राहिले. तुम्हाला लिहायचं राहिलं, पावतीवर 'रुपये मिळाले' असं छापलं होतं. मला वाटलं छापणाऱ्याची चूक, म्हणून खोडून मी 'मिळावे, ही विनंती' असं लिहिलं होतं.

शेठनी तिथेच आठ हजार मोजले आणि आता खरी पावती दे म्हणाले. नोटा ओढणीत बांधल्या होत्या, जोहराबीने दोनदा मोजल्या होत्या, तरी तुमची शपथ आठवून माझ्याने सही करवेना. शेठनी विचारलं, की बाई, तुले लिवता येते ना?

येतं, भाईजान. पण मी अंगठाच दिला.

मायेत अंतर नसावं.
आपली नसरीन